विजेची खुडूक

"भानू, काईतरी जळून राह्यलं रे," भागरथामाय म्हणाली.

वास मलाही आला होता. तरटाला ठिणगी लागली असेल म्हणून मी खोक्यात डोकं घालून पाहत होतो. तरट धड होतं. तळाचा भुसाही धड होता. डाव्या हातात पेटलेला बल्ब धरून, त्याच्याच उजेडात मी सगळा खोका तपासला आणि म्हणालो, "माय, इथं काही नाही. तुझ्या चुलीवर पाहा."

तिने चुलीकडे पाहिलंच नाही. पुढे येऊन कोपराचा एक रट्टा दिला आणि माझा हात बल्बवरून उडवला. बोटांची कातडी काचेलाच चिकटून राहिली होती. जळत होतो तो मीच.

मला दुखलं नाही. दुखलं नाही, याचंच रडू आलं.

ही गोष्ट आता फार जुनी झाली. मी तेव्हा ऐन उमेदीत होतो. अकोल्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होतो आणि माझ्या बोटांचा मला गर्व होता. अंधारात नुसतं चाचपून तार कुठे तुटली ते मी सांगत असे. मग एक करंगळी बधिर झाली. तिच्यामागून बाकीची बोटं गेली, पुढे तळपाय गेले. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. नव्या गोळ्या निघाल्या होत्या; रोग बरा होणारा होता आणि झालाही. पण हातांची गेलेली जाण परत यायची नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रोग बरा होईपर्यंत थांबायला लोकांना सवड नव्हती. खोलीमालकाने माझी गादी अंगणात नेऊन जाळली आणि मी या वसाहतीत आलो.

टेकडीच्या पायथ्याशी बाभळीबनात कौलारू घरं, भोवती काट्यांचं कुंपण, एक फाटक. फाटकापासून पांदण निघायची ती थेट गावात जायची. त्या पांदणीने आमचं कुणी जात नसे आणि गावातलं कुणी येत नसे. येणारा एकच, उकंडभाऊ ड्रेसर. तो गावात राहायचा आणि रोज सकाळी सायकलवरून येऊन आमच्या जखमा धुवायचा.

भागरथामाय वसाहतीत आम्हा सगळ्यांच्या आधीपासून होती. तिच्या हातांना बोटं म्हणावीत अशी राहिली नव्हती. उजवा डोळा मिटत नसे, झोपेतसुद्धा तो उघडाच. एवढं असून तिच्या दारात कोंबड्यांचा गलका असायचा. पण त्या थंडीत मानमोडीची साथ आली. चांगली चालती कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरायची आणि संध्याकाळपर्यंत आडवी व्हायची. आमच्या कोंबड्या गेल्या, गावातल्याही गेल्या. मायकडे उरल्या नुकत्याच अंड्यावर आलेल्या दोन तलंगा. अंडी घालायच्या आणि पाठ फिरवून निघून जायच्या. कोंबडी खुडूक झाल्याशिवाय, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसल्याशिवाय, पिल्लू निघत नाही. आणि या दोघींच्या अंगात तो हट्ट काही उतरेना.

तेव्हा माय माझ्याकडे आली.

"तू बिजलीचा मानूस ना? मले एक खुडूक करून दे."

"विजेची खुडूक?"

"काहून? आपल्या इथं लाकडाचा पाय भेटते, मंग लाकडाची खुडूक नाई भेटनार?"

मला कितीतरी दिवसांनी हसू आलं. औषधांचा एक रिकामा लाकडी खोका मी मागून घेतला, आतून तरट ठोकलं, भुसा पसरला, बल्ब लावला. आणि पहिल्याच दिवशी हात जाळून घेतला.

उकंडभाऊने पट्टी बांधली, पण बांधता बांधता त्याचं तोंड सुरूच होतं. "वायर दिसली का लांब राह्यचं. करंट बसला तं तुले समजाच्या आधी आमाले समजंन. तुह्या हाताचा आता भरोसा नाई, भानू."

तो खोटं बोलत नव्हता. मी घरी आलो आणि त्या खोक्याला लाथ मारली. पायालाही काही कळलं नाही. खोका भिंतीशी कलंडून पडला तो तसाच राहिला. माय येऊन पाहून गेली.

काही दिवसांनी सकाळीच फाटकाबाहेर एक बाई उभी दिसली. तरुण होती. कमरेवर टोपली, टोपलीवर गोधडीचा तुकडा. फाटकापासून बऱ्याच अंतरावर, बाभळीखाली ती थांबली होती, आणि पळून जावं की थांबावं हे तिच्या पायांचंच ठरत नव्हतं.

"उकंडभाऊ म्हने, इथं अंडे उबवाची मशीन हाये," ती लांबूनच ओरडली.

उकंडभाऊ पट्ट्या कापत होता, तो कापायचा थांबला. गावात जाऊन त्याने गंमत म्हणून सांगितलं असणार.

माय फाटकापर्यंत गेली. "हाये. तुह्यं काय?"

बाईचं नाव कुंदा. तिची एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि बसल्या जागीच मानमोडीने गेली होती. "माह्या मायनं देल्ली होती ते कोंबळी, माहेराहून. माय बी गेली औंदा. एवढेच अंडे राह्यले." मग तिने टोपली खाली ठेवली आणि चार पावलं मागे सरली. "पन एक सांगतो... हात न लावता जमते काय?"

आम्ही पाच-सात जण फाटकाशी जमलो होतो. हे ऐकायची आम्हाला सवय होती, तरी दर वेळी ते नव्यानेच लागायचं.

माय म्हणाली, "बाई, कोंबळी तं पोटाखाली घेते."

कुंदाने मान खाली घातली. गावात घरोघरी खुराडी ओस पडलेली होती. ती एकदा टोपलीकडे पाही, एकदा मायच्या हातांकडे. शेवटी म्हणाली, "निंगाले तं सांगा," आणि पांदणीने भराभरा निघून गेली. टोपली बाभळीखालीच राहिली.

मायने ती दोन्ही मनगटांत धरून आत आणली. उकंडभाऊने हात घालून पाहिलं, गोधडीखाली अंडी अजून कोमट होती. तिने ती एकेक करून आपल्या लुगड्याच्या ओच्यात, पोटाशी घेतली, भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता उठ. तुही खुडूक होतवर मीच खुडूक."

"माय, अंडी खराब झाली तर गाव काय म्हणेल? म्हणतील, महारोग्यांचा हात लागला, अंडीसुद्धा सडली. मग तर पांदणीवरही कुणी दिसायचं नाही."

"म्हनून तं म्हन्तो, उठ."

मी उकंडभाऊकडे पाहिलं. तो ओशाळला होता. "माही जीभच नडली," तो म्हणाला. त्याने स्क्रू फिरवायचा पेचकस माझ्या मनगटाला पट्टीने घट्ट बांधून दिला, हातमोजे आणले आणि वीज जोडायच्या वेळी स्वतः बटणापाशी उभा राहिला. भांडारात एक मोडकी इस्त्री होती. इस्त्री तापली की तिच्या आतली पट्टी वाकते आणि वीज तुटते. निवली की पट्टी सरळ होते, वीज जुळते. ती पट्टी काढून मी खोक्यात बसवली. तिचा स्क्रू केसभर फिरवायचा तर मला खांद्यापासून सगळा हात फिरवावा लागे. बोटांनी जे काम चुटकीसरशी झालं असतं त्याला दुपार गेली. पण दुपार कलताना खोक्यातला बल्ब आपला आपण विझला, आणि जरा वेळाने आपला आपण लागला. सगळी वसाहत खोक्याभोवती उभी होती. कुणीतरी टाळी वाजवली. बोटं नसलेल्या हातांची टाळी, तिचा आवाज वेगळा असतो.

आता ऊब किती ठेवायची ते मोजणं आलं. उकंडभाऊने दवाखान्यातला तापाचा थर्मामीटर दिला. तो मी खोक्यात ठेवायला घेतला आणि तो माझ्या हातातून केव्हा निसटला ते खाली काच फुटल्यावर कळलं. पारा भुसभुशीत जमिनीत मोत्यांसारखा पळाला. दुसरा थर्मामीटर शहरातून यायचा, तोही कधी ते ठाऊक नाही.

मी डोक्याला हात लावून बसलो. माय ओचा सावरत पुढे आली, वाकली आणि खोक्यातल्या हवेला आपला चेहरा लावला. मग एक अंडं दोन्ही मनगटांत उचलून तिने डाव्या डोळ्याच्या मिटलेल्या पापणीला टेकवलं.

"कमी हाये," ती म्हणाली. "जराक वाढव."

आमच्यातल्या पुष्कळांचे हात चहाच्या गरम पेल्यांनी भाजलेले होते. मायचे कधी भाजले नाहीत, आणि का ते मला त्या दिवशी कळलं. भाताची ताटली, चहाचा पेला, अंघोळीचं पाणी, सगळं ती आधी त्या पापणीला लावून पाहायची. रोगाने तिच्या अंगावर जाण असलेली जी थोडी जागा ठेवली होती, त्यातली ती एक.

"पन तुले समजाले पाह्यजे ना," ती मला म्हणाली. "पापनीले अंडा लागला का अंडा लागला असं वाटाले नाई पाह्यजे. गरम नाई, थंडा नाई. पापनीवर पापनी ठेवल्यासारखं."

माझा चेहरा शाबूत होता. मी डोळे मिटले आणि तिने अंडं माझ्या पापणीवर ठेवलं. कित्येक महिन्यांत मी कशालाही हात लावला तरी मधे जाड कांबळं असल्यासारखं वाटायचं. पापणीवर ते अंडं आलं आणि मधे काहीच नव्हतं. त्याचं वजन कळत होतं, कवचाची बारीक खरखर कळत होती, आणि ऊब. मी कितीतरी वेळ तसाच राहिलो. शेवटी माय म्हणाली, "पुरे, बाबू. बाकीच्याईले बी पाहाचं हाये."

तेव्हापासून आमचा तोच थर्मामीटर. अंड्यांवर एका बाजूला कोळशाची खूण केली होती. येता जाता ती फिरवायची, दमटपणासाठी खोक्यात ठेवलेल्या वाटीत पाणी आहे ना पाहायचं, पापणीला लावायचं. मी खोक्यापासून हलेनासा झालो.

एके संध्याकाळी माय म्हणाली, "आत काई हाये का नुसतंच पानी शेकून राह्यलो आपन, ते पाह्य." मी एका पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं, आत बल्ब ठेवला, आणि खोली अंधारी करून भोकावर अंडं धरलं.

अंडं पेटल्यासारखं लाल झालं. त्या लालीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलं होतं, झाडाच्या मुळ्या पसराव्यात तसं. आणि मधोमध एक काळा ठिपका होता. तो हलत होता. धक्क्याने नव्हे, आपल्या आपण, थांबून थांबून, जागा मिळेल तसा कूस बदलत होता.

माझ्या खांद्यावरून माय पाहत होती. तिचा श्वास माझ्या मानेवर थांबला.

"भानू," ती अगदी हळू बोलली, "याले कोनी शिकवलं रे?"

मी आयुष्यभर वीज पाहिली होती. तारेतून ती येते, दिवा लागतो. पण तार नाही, बटण नाही, आणि आत कुणीतरी जागं आहे, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही एकेक अंडं पाहत गेलो. दोन-तीन नुसती पिवळी निघाली. बाकी सगळ्यांत तो काळा ठिपका होता. बाहेर दाराशी लोक गोळा झाले. ज्यांना पायाने चालता येत नव्हतं तेही फरफटत आले. एकेकाने डोळा लावून पाहिलं. देवळात गाभाऱ्यातून बाहेर येतात तसे सगळे बाजूला होऊन उभे राहिले.

पिल्लं निघायचे दिवस जवळ आले आणि एका पहाटे वारा सुटला. गार, झोंबणारा. उजाडता उजाडता कुठेतरी लाईनचा खांब पडला आणि वीज गेली. उकंडभाऊ सायकलवरून येऊन म्हणाला, "गावात बी नाई. दिवसभर येत नाई आता."

खोका निवायला लागला. मी वायरमन, आणि वायरीच्या या टोकाला बसून मला काहीही करता येत नव्हतं.

भागरथामायने स्वयंपाकघरातल्या मोठ्या चुलीवर हंडा चढवायला लावला. दवाखान्यात सलाइनच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या होत्या. त्यांत ऊन पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायच्या, अंड्यांच्या भोवती ठेवायच्या. पण पाणी केवढं ऊन ते कुणाच्याच हाताला कळणार नव्हतं. जास्त झालं तर आतले जीव शिजणार, कमी झालं तर गारठणार. म्हणून प्रत्येक बाटली आधी मायकडे यायची. उकंडभाऊ बाटल्या भरून आणायचा, कारण बाकीच्यांना त्याने गरम काचेला शिवू दिलं नाही. माय पापणी टेकवायची. "ठेव." "परत ने." "हे ठेव." तिची पापणी लाल झाली, सुजली. मी म्हणालो, "आता मी पाहतो." मग एक ती, एक मी.

तिसरा प्रहर झाला, सूर्य कलला, वारा थांबेना. बाकीची माणसं खोक्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला एकमेकांना खेटून बसली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणसांचीच भिंत. तिच्या आडोशाला आम्ही दिवसभर बाटल्या बदलत राहिलो. दिवेलागणीला खोक्यातला बल्ब एकदा फडफडला आणि स्थिर झाला. माय तिथेच कलंडली आणि एक डोळा उघडा ठेवून झोपली.

आता डब्यावर धरलं तरी अंडं आतून भरून नुसतं काळं दिसायचं, त्यामुळे अंडी जगली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. फिरवायचे दिवसही संपले होते. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी सवयीने एक अंडं पापणीला लावलं आणि हललोच नाही.

आतून ठोका आला.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक टक. एवढासा, नखाने कौल वाजवावं तसा, पण थेट माझ्या डोळ्यावर. कुणीतरी आतून दार ठोठावत होतं, आणि दाराला डोळा लावून मी बाहेर उभा होतो.

"माय," मी म्हणालो, "उठ. आलीत ती."

नुकताच आलेला उकंडभाऊ कुंदाला सांगायला तसाच सायकल वळवून गावाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा आली तेव्हा पहिली पिल्लं सुकून पिवळीधमक झाली होती आणि त्यांच्या चिवचिवाटाने खोका भरून गेला होता. ती एकटी नव्हती. पांदणीत मागे गावातल्या आणखी बायका थांबल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. कुंदाने दुसरी एक रिकामी टोपली मागच्या जागीच बाभळीखाली ठेवली आणि मागे सरून उभी राहिली.

माय मला म्हणाली, "खोका उचलून फाटकापाशी ने. दूरूनच दे तिले."

मी आणि उकंडभाऊने खोका नेऊन फाटकाच्या आत ठेवला. आवाज कुंदापर्यंत पोचला. ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. फाटकाशी आल्यावर तिने मागे वळून बायकांकडे पाहिलं. आणि मग ती आत आली. माझ्या देखत त्या फाटकातून आत आलेली गावातली ती पहिली बाई.

खोक्यापाशी ती मातीतच बसली. शेवटचं एक अंडं राहिलं होतं. त्याला तडा गेला होता, फटीतून चोच दिसत होती. मायने ते तळव्यावर घेतलं होतं. कवच एकदा फुगल्यासारखं झालं, तडा गोल फिरत गेला आणि टोपी उचलावी तसा वरचा तुकडा बाजूला पडला. ओलंचिंब, मान टाकलेलं, जीव आहे की नाही अशी शंका यावी असं काहीतरी मायच्या तळव्यावर घरंगळलं. त्याची मान बिनपिसांची होती.

"माह्या मायच्या कोंबळीचंच हाये," कुंदा म्हणाली. "असीच मान होती. मले द्या."

"हात लागंन, बाई."

"लागू द्या."

तिने ओंजळ पुढे केली. पिल्लू ओलं आणि निसरडं. मायच्या बोटं नसलेल्या तळव्यावरून ते घसरायला लागलं, तशी कुंदाने आपली ओंजळ खालून लावली आणि दुसरा हात वरून झाकला. मायचा हात मधेच राहिला. पिल्लू, मायचा हात आणि कुंदाचे दोन्ही हात, सगळं एकत्र. दोघींपैकी कुणीच हात काढून घेतला नाही. पिल्लू थरथरत होतं, त्याला ऊब हवी होती. ते सुकेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींकडे न पाहता, हातांकडे पाहत. फाटकाबाहेरच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. आमची माणसं घराघरांच्या दारांत उभी होती. पिल्लांचा तेवढा आवाज होता.

शेवटी हातांच्या फटीतून एक पिवळं डोकं वर आलं आणि ओरडलं. कुंदा हसली. मग तिने पिल्लं टोपलीत भरली, त्यातली दोन उचलून मायच्या ओच्यात ठेवली आणि म्हणाली, "हे तुमचे, माय. तुमी बसल्या ना त्याईवर." फाटकापाशी बायकांनी टोपली घेरली. एकीने उकंडभाऊला विचारलं, "माह्यावाले अंडे आनले तं चालते काय?"

नंतर पुष्कळ अंडी आली. मी आणखी खोके केले. हातमोजे घालून आणि पेचकस मनगटाला बांधून मी पुढे जन्मभर विजेचीच कामं केली. पण ते सगळं मागून.

त्या दिवशी पांदण रिकामी झाल्यावर माय ओच्यात दोन पिल्लं घेऊन ओट्यावर बसली होती. आपला उजवा हात समोर धरून ती तो उलटा-सुलटा करून पाहत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"भानू," ती म्हणाली, "तिनं लय वेळ धरला ना हात?"

"हो माय. लय वेळ."

"मले काई समजलं नाई रे. नुसतं दिसे." तिने हात पुन्हा उलटा केला. "गरम होता काय तिचा हात?"

मी त्या हाताला शिवलोही नव्हतो, आणि शिवलो असतो तरी मला कळलं नसतं.

"होता," मी म्हणालो. "चांगला गरम होता."

"मले वाटलंच," माय म्हणाली, आणि पिल्लांना कण्या आणायला उठली.